पंक्चरवाल्याने दाखवलेली बाग : एक खुले पत्र

प्रति,
अहिल्यानगरच्या जुन्या वास्तू, बागा आणि पाण्याच्या वाटा ज्यांच्या अखत्यारीत येतात ते सर्व अधिकारी,

महोदय, महोदया,

वरच्या ओळीत एकच नाव आणि एकच पदनाम लिहायला मला आवडलं असतं. महिनाभर विचारपूस केली. दोन कार्यालयांत फोन केले, एका ठिकाणी स्वतः जाऊन बाकड्यावर बसले. प्रत्येकाने अदबीने दुसऱ्याकडे बोट दाखवलं. पोस्टात पत्र टाकायचं तर पत्ता लागतो. तो मिळाला नाही, म्हणून हे पत्र खुलं.

विषय फराहबाग. सोलापूर रस्त्याच्या बाजूला, शहरापासून दोन-तीन किलोमीटरवर असलेला निजामशाहीतला महाल आणि त्याची नाहीशी झालेली बाग.

आधी मी तिथे पोचले कशी ते सांगते, कारण माझी निम्मी तक्रार त्यातच आहे.

माघी झाली, पंढरपूरची गर्दी ओसरली, तेव्हा सासूबाईंना दर्शनाला न्यायचं ठरलं. त्या चौऱ्याऐंशीच्या. नाशिकहून पहाटे निघालो. गाडी पुतण्या चालवत होता. शिर्डी, राहुरी, नगर, मिरजगाव, करमाळा असा आमचा नेहमीचा रस्ता. गेली वीस-बावीस वर्षं या रस्त्याने मी वर्षातून दोनदा तरी जाते. नगर म्हणजे आमच्यासाठी चहा, पेट्रोल आणि सासूबाईंची गोळी घ्यायची वेळ. त्या दिवशी शहर ओलांडून सोलापूर रस्त्याला लागलो आणि मागचं चाक बसलं. स्टेपनी काढली तर तिच्यातही हवा नाही. (पुतण्याला जे बोलायचं ते मी तेव्हाच बोलून घेतलं आहे.)

पंक्चरवाल्याने टायर पाण्यात बुडवून पाहिला आणि म्हणाला, "काकू, दोन ठिकाणी आहे. तासभर लागन. आजींना इथं धुळीत कशाला बसवता? फराहबाग बघून या ना मंग. तळ्यातला वाडा आहे." आम्ही तिघं एकमेकांकडे पाहत राहिलो. वीस-बावीस वर्षांत हे नाव आम्ही कुणीच ऐकलं नव्हतं. त्यानेच एका रिक्षावाल्याला हाक मारली.

रिक्षा वेड्या बाभळीतून, कच्च्या वाटेने गेली आणि थांबली. समोर जे उभं होतं ते पाहून मी दोन मिनिटं बोललेच नाही. अष्टकोनी, दुमजली इमारत. चारही मुख्य बाजूंना दोन मजले एकदम कवेत घेणारी उंच कमान, मधल्या कोपऱ्यांना लहान कमानी. मध्यभागी घुमटाखालचा दिवाणखाना. तिथे सासूबाईंनी नुसतं "विठ्ठल" म्हटलं आणि तो शब्द वर जाऊन हळूच परत आला. भिंतींवर चुनेगच्चीचं नक्षीकाम अजून तग धरून आहे, काही ठिकाणी इतकं नितळ की बोट फिरवावंसं वाटतं. आणि हे सगळं एका विस्तीर्ण हौदाच्या मधोमध.

हौद कोरडा. तळाला गवत, बाटल्या, काटेरी झुडपं, शेळ्या.

सासूबाई जोत्यावर टेकल्या, चारी बाजूंनी बघितलं आणि म्हणाल्या, "तळ्यातला वाडा म्हणे. अगं, माझ्या परसातल्या टाकीत याच्यापेक्षा जास्त पाणी आहे."

मी एकतीस वर्षं पाटबंधाऱ्यांची कामं केली. सुरुवात चाऱ्यांच्या, म्हणजे शेताला पाणी नेणाऱ्या लहान कालव्यांच्या, मोजणीपासून, शेवट उपअभियंता म्हणून. कोरडी चारी दिसली की आधी वरच्या अंगाला बघायचं, पाणी कुठे अडलं ते शोधायचं, ही सवय निवृत्तीनंतरही जात नाही. त्यामुळे बाकीचे लोक कमानींचे फोटो काढत होते तेव्हा मी हौदाच्या काठाने चालत होते. पाणी यात येत कुठून असेल, उतार कुठला, जादा पाणी जात कुठे असेल, हेच डोक्यात. माझा या वास्तूशी संबंध एवढाच. मी इतिहासाची अभ्यासक नाही, नगरची रहिवासीही नाही. पण ही इमारत म्हणजे मुळात पाण्याचं काम आहे आणि पाण्याच्या कामाबद्दल बोलायचा मला थोडा हक्क आहे असं मी समजते.

घरी परतल्यावर वाचायला घेतलं. महाल पुरा झाला १५८३ मध्ये, मुर्तझा निजामशहाच्या कारकिर्दीत. त्याच्याआधी इथे एक महाल बांधून झाला होता, तो पसंत पडला नाही म्हणून पाडला आणि नव्याने उभारला, अशी हकिकत सांगतात. मुर्तझा लोकांत फारसा मिसळत नसे, राज्यकारभार दिवाण सलाबतखानावर सोडून बागांमध्ये राहत असे. त्याला दिवाणा, म्हणजे वेडा, म्हणत. इथल्या बागेत तो फतेहशाह नावाच्या आपल्या मित्राशी बुद्धिबळ खेळत बसे आणि त्याच्यासाठी त्याने लाकडी महालही बांधला होता, असंही सांगतात. १५८८ मध्ये पोटच्या मुलानेच त्याचा जीव घेतला. म्हणजे पुऱ्या झालेल्या या वाड्याचं सुख त्याला मिळालं ते जेमतेम पाच वर्षं.

यापेक्षा मला जास्त गुंतवलं ते पाण्याने. नगर पर्जन्यछायेतलं. वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस, तोही लहरी. उन्हाळा कडक. उघड्या हौदातलं पाणी इथे वर्षभरात पावसाच्या कितीतरी पट वाफ होऊन उडतं. नुसत्या आभाळाच्या भरवशावर असा हौद डिसेंबरसुद्धा काढणार नाही. तरीही निजामशाहीने इथे एक नव्हे, अनेक बागा केल्या. शहराच्या दुसऱ्या अंगाला हश्त बेहेश्त बाग आहे, तिथेही पाण्याच्या मधोमध असाच अष्टकोनी महाल होता. हे जमलं ते खापरी नळांमुळे.

ज्यांनी पाहिले नसतील त्यांच्यासाठी सांगते. डोंगराच्या पायथ्याशी, शहरापेक्षा उंचावर पाणी धरायचं. तिथून भाजलेल्या मातीचे नळ एकात एक बसवत आणायचे, सांधे चुन्याने भरायचे, वरून दगडचुन्याचं वेष्टण द्यायचं आणि सगळं जमिनीखालून न्यायचं. उतार इतका बेताचा की पाणी थांबू नये आणि नळ फुटूही नये. मध्ये मध्ये उच्छ्वास बांधायचे. दिसायला ते दगडी खांबासारखे. त्यांतून नळातली हवा बाहेर पडते, दाब मोडतो, गाळ खाली बसतो आणि बिघाड कुठे झाला तेही कळतं. कापूरवाडी, वडगाव, नागापूर अशा ठिकाणांहून नगरला पाणी आलं ते याच पद्धतीने. ना पंप, ना वीज. आमच्या काळात लेव्हल मशीन लावून, दहा सह्या घेऊन काढलेल्या चाऱ्यांना उलटा उतार लागलेला मी पाहिला आहे. एक तर मीच काढली होती. म्हणून या लोकांपुढे माझी मान आपोआप झुकते.

निजामशाहीच्या पदरी पुढे आलेल्या मलिक अंबरने तेव्हाच्या खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, अशीच नहर आणली. तिथली पाणचक्की नंतरची, अठराव्या शतकातली, पण तत्त्व तेच. डोंगरातून मातीच्या नळांनी आलेलं पाणी उंचावरून कोसळताना बघायला तिथे सहली येतात, तिकीट काढून येतात. त्याच विद्येचं जुनं घर नगर. आणि नगरात त्या पाण्याची आठवण म्हणून काय उरलंय, तर कोरडा हौद आणि शेळ्या.

आता तक्रारी. क्रम महत्त्वाप्रमाणे लावलेला नाही, जशा टोचल्या तशा लिहिते.

१. रस्त्यावर पाटी नाही. निदान मला वीस-बावीस वर्षांत दिसली नाही, आणि त्या दिवशी मुद्दाम शोधूनही सापडली नाही. त्याच रस्त्याला ढाब्याच्या, प्लॉटिंगच्या, वाढदिवसांच्या शुभेच्छांच्या पाट्या मोजून थकले. जवळच रणगाड्यांचं संग्रहालय आहे, लोक लांबून येतात, मुलं रणगाड्यांपुढे फोटो काढतात आणि तिथूनच परत जातात. त्यांना कुणी सांगतच नाही की इथे जवळच चारशे चाळीस वर्षांची वास्तू उभी आहे. आम्हाला पंक्चरवाल्याने सांगितलं. ज्यांचं चाक पंक्चर होत नाही त्यांनी काय करायचं?

२. वास्तूपाशी तिची गोष्ट सांगणारं काही नाही. आपल्याकडच्या संरक्षित स्मारकांवरची निळी पाटी काय सांगते? नासधूस केलीत तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड. ठीक आहे, कायदा सांगायलाच हवा. पण पाहुण्याला दारातच दंड सांगायचा आणि घर कुणाचं, बांधलं कशासाठी, हे सांगायचंच नाही, ही कुठली रीत? आमच्या रिक्षावाल्याने सांगितलं की शहाजहानने ही इमारत पाहूनच ताजमहाल बांधला. हे नगरमध्ये बरेच जण सांगतात. तसा पुरावा माझ्या वाचनात आला नाही. पण मी त्या रिक्षावाल्याला दोष देणार नाही. जिथे खरं सांगणारं कुणी नसतं तिथे माणसं आपल्या गावाची शान आपल्या परीने वाढवतात. शाहडोंगरावरची सलाबतखानाची तीन मजली कबर अशीच "चांदबिबीचा महाल" होऊन बसली आहे. बिचाऱ्या चांदबिबीचा त्या इमारतीशी काही संबंध नाही. तिने पराक्रम गाजवला तो १५९५-९६ मध्ये, मुघलांच्या वेढ्यात, खालच्या भुईकोट किल्ल्यात.

३. भिंतींवर नावं. बदाम, बाण, तारखा, मोबाइल नंबर. साडेचारशे वर्षांच्या चुनेगच्चीत खिळ्याने कोरलेली. हे अर्थात तुम्ही केलेलं नाही, आम्ही नागरिकांनी केलंय आणि याची लाज आमची आहे. पण दिवसभरात तिथे एक माणूस नुसता खुर्ची टाकून बसला असता तरी यातलं निम्मं झालं नसतं. मी होते तेवढ्या वेळात एक पोरगं चावी काढून भिंतीकडे वळलं. सासूबाईंनी नुसतं "काय रे?" म्हटलं. चावी खिशात गेली. त्या काही रोज तिथे बसू शकत नाहीत.

४. बसायला सावली नाही, प्यायला पाणी नाही, बाई माणसाची सोय नाही. यावर जास्त लिहीत नाही. ज्या खात्यांच्या बैठका होतात त्या इमारतीत या तिन्ही गोष्टी असतात, एवढंच.

५. आणि पाणी. ही तक्रार बाकीच्या चारही तक्रारींच्या वर आहे.

महालाचा प्रत्येक निर्णय पाणी धरून घेतलेला आहे. कमानी एवढ्या उंच आणि मोकळ्या का? पाण्यावरून आलेली झुळूक आत यावी, घुमटाखालून फिरावी म्हणून. इमारत मधोमध का? चारही बाजूंनी प्रतिबिंब पडावं, उन्हाची तलखी अंगाशी येऊ नये म्हणून. फेब्रुवारीच्या दुपारीही आत गेल्यावर मला दोन-तीन अंशांचा फरक जाणवला, तोही हौद कोरडा असताना. पाणी असताना काय होत असेल! पाण्याशिवायची फराहबाग म्हणजे तारा काढलेली सतार. खुंट्या मोजा, लाकूड बघा, नाद विचारू नका.

तिथून परतताना मला एका ताज्या चरात खापराचे अर्धगोल तुकडे दिसले. कसलीतरी लाइन टाकायला चर खणलेला होता. मी उतरून तुकडा हातात घेतला. आतून सांध्याच्या जागी चुन्याची कड होती. घागरीच्या खापरीला अशी कड नसते. चर कुणाचा होता, काम कुणाचं होतं, ते मी लिहिणार नाही, कारण त्या मजुरांना किंवा त्यांच्या मुकादमाला तरी कुणी सांगितलं होतं की इथून जुना नळ जातो? नकाशाच नाही तर जेसीबीवाला काय करणार? नगरच्या आसपास दर वर्षी रस्ते रुंद होतात, केबल पडतात, प्लॉट पडतात. उरलेले नळ आणि उच्छ्वास असेच एकेक करून जातील आणि कुणावर गुन्हाही दाखल होणार नाही, कारण मुळात काय गेलं हे कुठे लिहिलेलंच नसेल.

कुणी म्हणेल, ही तर निजामशाहीची बाग, आपल्याला तिचं काय? हे मला एकाने तोंडावर विचारलं, म्हणून उत्तर देते. मालोजीराजे आणि शहाजीराजे याच निजामशाहीच्या चाकरीत वाढले. शहाजी आणि शरीफजी ही दोन्ही नावं नगरचे पीर शाह शरीफ यांच्यावरून ठेवल्याचं आपण शाळेत ऐकत आलो. १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत शरीफजीराजे पडले ते निजामशाहीच्याच बाजूने लढताना. त्या लढाईत मलिक अंबरने तलावाचा बांध फोडून शत्रूच्या तळात पाणी सोडलं. तो तलावही सलाबतखानाच्या काळातला म्हणून सांगतात. पाणी धरणारे आणि गरजेला सोडणारे हे लोक आपलेच होते. आणि आता जिल्हा ज्यांच्या नावाने ओळखला जातो त्या अहिल्यादेवींचा जन्म याच जिल्ह्यातल्या चौंडीचा. त्यांनी देशभर घाट, विहिरी, बारवा बांधल्या आणि जुन्या मोडकळीला आलेल्या दुरुस्त केल्या. त्यांच्या नावाच्या शहरात एक जुना हौद कोरडा पडून राहणं बरं दिसत नाही.

परतीच्या वाटेवर आम्ही मुद्दाम भुईकोट किल्ल्यात थांबलो. सासूबाईंचा हट्ट. किल्ल्याबद्दल या पत्रात फार लिहीत नाही, तो लष्कराच्या ताब्यात आहे आणि त्याच्या अडचणी वेगळ्या. पण एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १९४२ च्या ऑगस्टमध्ये काँग्रेस कार्यकारिणीच्या नेत्यांना पकडून याच किल्ल्यात ठेवलं. नेहरूंनी इथेच आपलं प्रसिद्ध पुस्तक लिहिलं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच पुस्तकात त्यांनी लिहून ठेवलंय की इथे ते रोज उन्हात माती खणून फुलांचे वाफे करत. माती वाईट, दगडधोंड्यांची, जुन्या बांधकामांच्या राड्याने भरलेली. बाहेर कधी सुटणार याचा पत्ता नाही, निधी नाही, निविदा नाही. तरी फुलं आणली.

आता मागण्या. साध्या आहेत, आणि एक वगळता कुठल्याच खर्चिक नाहीत.

सोलापूर रस्त्यावर दोन्ही दिशांना मराठीत ठळक पाटी लावा. "फराहबाग, इ. स. १५८३, अमुक किलोमीटर" एवढं पुरे. स्वागताची कमान नको, कुणाचे फोटो तर नकोतच.

वास्तूपाशी एक माहितीफलक लावा. त्यात महालाची गोष्ट आणि पाण्याची गोष्ट, दोन्ही असू द्या. शेजारी पूर्वी बाग कशी असेल याचं एक रेखाचित्र. आणि खाली त्या एका कार्यालयाचं नाव आणि फोन नंबर, जे या जागेला जबाबदार आहे. जबाबदारी दोन-तीन खात्यांत वाटलेली असेल तर त्यांनी एकत्र बसून आपल्यातल्या एकाचं नाव ठरवावं. माझी सगळ्यात स्वस्त मागणी हीच आहे आणि मला वाटतं, सगळ्यात अवघडही हीच ठरेल.

दिवसा एक राखणदार नेमा. शक्यतो जवळच्या भिंगार परिसरातलाच, ज्याला या जागेची माया असेल. शनिवार-रविवारी दोन मुलांना प्रशिक्षण देऊन माहिती सांगायला बसवा. आमच्या रिक्षावाल्यात तो गुण आहे, फक्त ताजमहालाचं प्रकरण तेवढं वगळायला सांगा.

खापरी नळांची आणि उच्छ्वासांची मोजणी करून नकाशा करा. हे काम इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांकडून एका हिवाळ्यात होईल. जुनी माणसं सोबत घ्या, त्यांना जागा माहीत असतात. तो नकाशा नगररचनेच्या कागदांत चढवा, म्हणजे खोदाईची परवानगी देताना तो बघणं भाग पडेल. मला बोलावलंत तर मी स्वखर्चाने येईन, टेप धरायलाही तयार आहे.

आणि हौद. इथे मला घाई नको आहे, कारण घाईने नुकसान होईल. आधी गाळ आणि झुडपं हाताने काढा, यंत्र आत उतरवू नका, बाभळीची मुळं ओढून उपटू नका. मग तळाचा आणि भिंतींचा जुना चुना कुठे शाबूत आहे ते तपासा. पायाची परीक्षा करा, कारण इतकी वर्षं कोरड्या राहिलेल्या पायाला एकदम पाणी लावणं धोक्याचं असतं. दुरुस्ती चुन्यानेच करा. चुन्याच्या घाण्यात मळलेला, मुरवलेला, गूळ-बेलफळ-हिरड्याचं पाणी घातलेला चुना करणारे कारागीर अजून आहेत. सिमेंटचा गिलावा दिसायला झटपट आणि गुळगुळीत, पण तो ओल आत कोंडतो आणि मग आतला चुना भुसा होऊन पडतो. हे मी पुस्तकातून सांगत नाही, दोन जुन्या बंधाऱ्यांवर मी स्वतः पाहिलं आहे.

हे सगळं झाल्यावर पावसाळ्यात आसपासच्या उताराचं पाणी वळवून हौद भरा. बारमाही भरलेला ठेवा असं मी म्हणणार नाही. जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकर फिरतात, तेव्हा महालाच्या शोभेसाठी पिण्याचं पाणी ओतायचं हे मला तरी पटणार नाही आणि पटू नये. श्रावणात भरावं, संक्रांतीपर्यंत जेवढं टिकेल तेवढं टिकावं. बाकीचे महिने तो कोरडाच असू दे, पण स्वच्छ आणि नीट. वर्षातून चार महिने जरी त्या कमानी पाण्यात दिसल्या तरी लोकांना कळेल की मुर्तझा निजामशहा राज्य सोडून इथे का बसत होता.

बागेचं म्हणाल तर एक भीती आधीच बोलून ठेवते. उद्या निधी आला, तर "सुशोभीकरण" या नावाखाली हिरवळ, पेव्हर ब्लॉक, रंगीत कारंजं, सिमेंटचा हत्ती आणि "आय लव्ह" लिहिलेली अक्षरं येतील. यातलं काहीही नको. या मुलखात लॉन म्हणजे रोजचं पाणी. त्यापेक्षा चिंच, आंबा, डाळिंब, अंजीर, सीताफळ लावा. पहिली दोन-तीन वर्षं ठिबकने जगवा, पुढे ती आपली आपण सावली देतील. झाडं इमारतीपासून लांब असू द्या, मुळांचा विचार करून. फळं पोरांनी दगड मारून पाडली तरी चालतील. दगड भिंतीवर मारण्यापेक्षा ते बरं.

एवढंच. यातलं पाटीचं काम आठ दिवसांचं आहे, नकाशाचं एका हिवाळ्याचं, हौदाचं तीन-चार वर्षांचं. पाटी लागलेली दिसली की पुढच्या कामांवर माझा विश्वास बसेल.

त्या दिवशी तासाभराने परत आलो तेव्हा चाक तयार होतं. पंक्चरवाल्याने हात पुसत विचारलं, "बघितलं का? कसं वाटलं?" जणू त्याच्याच घरचं काही आम्ही पाहून आलो होतो. पुतण्याने पैसे दिले. मी म्हटलं, फार सुंदर आहे, फक्त पाणी नाही. तो म्हणाला, त्याच्या आजोबांनी भरलेलं पाहिलं होतं म्हणे.

कार्तिकीला आम्ही पुन्हा याच रस्त्याने जाणार आहोत. या वेळी स्टेपनीत हवा भरून. सासूबाईंनी आत्ताच बजावून ठेवलंय की फराहबागेपाशी थांबायचं, पण आधी मी खाली उतरून बघायचं आणि पाणी असेल तरच त्यांना हाक मारायची.

आपली,
एक निवृत्त उपअभियंता
नाशिक